पहिल्या कडव्यातला सैतान

नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माणसाला गाणं येतंच, असा एक समज आहे. खुद्द नगरमध्ये माझ्याबाबतीत तो कुणाचाच नाही, कारण तिथल्या लोकांनी मला ऐकलेलं आहे. मिसूरी राज्यात मात्र तो फार लवकर पसरला आणि पसरवणारा मीच होतो.

सेंट लुईसपासून तासाभरावर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये आमचं हे गाव. वस्ती बहुतेक जर्मन वंशाची, चर्च लूथरन, उपासनेनंतर तळघरात कॉफी. आम्ही तिथं जाऊ लागलो ते लूथरच्या पंचाण्णव कलमांचा अभ्यास करून नव्हे. चर्च घरापासून चालत जाण्याजोगं होतं आणि हिवाळ्यात आत छान ऊब असायची. आमच्या पणजोबांना अमेरिकन मराठी मिशनने मंडळीत घेतलं आणि पणतू बर्फामुळे लूथरन झाला.

एका रविवारी कॉफी पिता पिता मी बोलून गेलो, की आमचे आजोबा देवळात पेटी वाजवायचे आणि टिळकांची गाणी आम्हाला लहानपणापासून पाठ आहेत. टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन. पण हा खुलासा करायची तिथं गरज नव्हती, त्यांना केसरीवालेही ठाऊक नव्हते. पुढच्याच आठवड्याच्या पत्रकात गीतनिवड समितीत माझं नाव छापून आलं. मला स्वरलिपी वाचता येत नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

समिती चौघांची. पाळकसाहेब तरुण, दाढीवाले, लूथरबद्दल बोलू लागले की कालच त्याच्याकडे जेवून आलेत असं वाटावं. दुसऱ्या ऑर्गनवाल्या आजी. आयझेनहॉवर अध्यक्ष होते तेव्हापासून त्या त्याच बाकावर बसून वाजवताहेत. तिसरे मक्यावाले काका. हे गृहस्थ प्रत्येक बैठकीत एकच शब्द बोलतात आणि तो इतिवृत्तात जातो. चौथा मी.

आमच्याकडे गाणी कशी निवडत, ते मला चांगलं ठाऊक होतं. शनिवारी रात्री पाळकसाहेब ‘उपासना-संगीत’ चाळणार, सणावाराला साजेसं काही काढणार आणि पेटीवाल्याला चाल येते का तेवढं विचारणार. चाल येत नसेल तर दुसरं गाणं. एवढ्या शिदोरीवर मी पहिल्या बैठकीला गेलो.

“तुमच्या देशातलं एखादं सुचवा ना,” पाळकसाहेब म्हणाले. मी ताबडतोब आसामकडच्या गारो टेकड्यांतून आलेलं म्हणतात ते गाणं सुचवलं, येशूच्या मागे जायच्या निश्चयाचं. भारतात कुठल्याही प्रांतात जा, ते कानावर पडतंच. अमेरिकेतल्या पुस्तकांत त्याच्या चालीचं नावच ‘आसाम’ आहे. माझी खात्री होती की टाळ्या पडतील. आजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकांनी खिडकीबाहेर बघत आपला शब्द उच्चारला, “निर्णय.”

मग पाळकसाहेबांनी मला फार हळुवारपणे समजावलं. या गाण्यात सगळं करतं कोण? ठरवतो मी, निघतो मी, मागे फिरत नाही तोही मी. लूथरने १५२९च्या लघु प्रश्नोत्तरीत तिसऱ्या कलमाचा अर्थ सांगितलाय तो नेमका उलटा: माणूस आपल्या बुद्धीने किंवा बळाने येशूपर्यंत पोचूच शकत नाही, पवित्र आत्मा त्याला शुभवर्तमानातून बोलावून आणतो. “म्हणून तर आपण तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा करतो,” ते म्हणाले. “त्या बाळाने काय ठरवलेलं असतं?”

“दूध,” मी म्हणालो.

हे इतिवृत्तात गेलं नाही.

पाळकसाहेबांनी मला घरी वाचायला पुस्तकं दिली आणि तिथंच माझा घात झाला. नुसता अडाणी माणूस समितीला परवडतो. चार पुस्तकं वाचलेला अडाणी परवडत नाही. १८३९ साली सॅक्सनीहून काही जर्मन कुटुंबं मिसूरीत येऊन उतरली. त्यांच्यातल्या वाल्थर नावाच्या पाळकाने १८४७ साली मंडळीसाठी गीतपुस्तक काढलं. त्याची कसोटी अशी: आधी शिकवण शुद्ध हवी, गाणं जुन्या लूथरन मंडळ्यांत रुळलेलं हवं, आणि त्यातली भावना साऱ्या मंडळीची हवी, कुणा एकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीची नको. पुढे १८८३ साली लूथरन संडेस्कुलात मेथडिस्टांची गाणी म्हणावीत का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा याच वाल्थरने साफ नकार दिला. गाणी गोड असतील, पण गोडव्याबरोबर पोटात काय जातंय ते बघा, असा त्याच्या म्हणण्याचा रोख.

आधी मला हा सोवळेपणा वाटला. मग आठवून पाहिलं. नगरला मी लहानपणी जितके उपदेश ऐकले त्यांतला एकही मला आठवत नाही, झोप आलेली आठवते. गाणी मात्र झाडून सगळी पाठ आहेत, आजही भांडी घासताना ओठांवर येतात. म्हणजे माझा जो काही धर्म आहे तो व्यासपीठावरून आलेला नाही, पेटीतून आलाय. तेव्हा पेटीवर पहारा हवा, हे वाल्थरचं म्हणणं मला पटलं. पटलं ते फारच पटलं.

वास्तविक मला आमच्या चर्चच्या गीतपुस्तकातल्या खाणाखुणाही कळत नव्हत्या. काही गाण्यांच्या शेवटच्या कडव्याशी छोटा त्रिकोण छापलेला असतो. माझ्या पिढीच्या भारतीय माणसाला त्रिकोणाचा एकच अर्थ ठाऊक, कुटुंबनियोजनाचा. तोही मोठ्या कुटुंबांसाठी रचलेल्या या गाण्यांना फारसा लागू पडला नसावा असं मला वाटे. पुढे कळलं की तो त्रैक्याचा त्रिकोण. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं स्तवन करणारं कडवं आलं की साऱ्यांनी उभं राहायचं असतं. तोवर सगळी मंडळी उभी आणि मी एकटा बसलेला, असं बरेच रविवार चाललं होतं. लोक समजत, भारतात अशीच रीत असेल.

तर असा हा मी शुद्धीकरणाला लागलो. पहिला बळी नाताळच्या पाळणागीताचा. ते गव्हाणीतल्या बाळाचं, साऱ्या अमेरिकेतली पोरं गातात ते. कित्येक वर्षं ते ‘लूथरचं पाळणागीत’ म्हणून छापलं गेलं, लूथर आपल्या मुलांना हेच गाऊन झोपवायचा असंही लिहिलं गेलं. प्रत्यक्षात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतच छापून आलं. लूथरच्या लिखाणात त्याचा मागमूस नाही. पण मला तेवढ्याने समाधान कुठलं! त्या गाण्यातलं बाळ रडत नाही. न रडणारं बाळ खरं बाळ कसं? ख्रिस्त माणसासारखा नुसता दिसला, खरा माणूस झालाच नाही, असं म्हणणारं एक पाखंड जुन्या काळी होऊन गेलं. मी बैठकीत त्याचं नाव घेतलं. पाळकसाहेब म्हणाले, बाळं अधूनमधून गप्पही असतात. आमच्या पुस्तकात ते गाणं आहे आणि ते तसंच राहिलं.

दुसरा हल्ला ‘इन द गार्डन’वर. सी. ऑस्टिन माइल्स यांनी १९१२ साली रचलेलं, पुनरुत्थानाच्या सकाळच्या मग्दालिया मरीयेच्या भेटीवर बेतलेलं. आमच्या पुस्तकात नाही, पण प्रत्येक अंत्यविधीला कुणाची ना कुणाची आत्या त्याचा आग्रह धरतेच. बाग आहे, दव आहे, गोड आवाज आहे. क्रूस कुठाय, पापक्षमा कुठाय? मी घरी जेवताना बायकोपुढे सगळा खटला मांडला.

“अहो, सकाळी सकाळी बागेत दोघंजण शांतपणे बोलताहेत,” ती म्हणाली, “आपल्याकडून होत नाही म्हणून त्यांचंही बंद करताय का?”

मग ‘अमेझिंग ग्रेस’ आलं. त्यात ख्रिस्ताचं नावच नाही, हा शोध मला रात्री अकराला लागला आणि तेव्हाच मी पाळकसाहेबांना फोन केला. ते आमच्या पुस्तकात आहे, असं त्यांनी जांभई देत सांगितलं. तेव्हा माझा पुस्तकावरचाही विश्वास उडाला. एका तरुणाने गिटारवरची गाणी घेऊ या म्हणत, लूथर तरी गुत्त्यातल्याच चाली घ्यायचा ना, असं विचारलं. त्याला मी अर्धा तास ऐकवलं, की लूथरने नाताळच्या एका गीताला लोकगीताची चाल लावली होती खरी, पण पुढे त्याची त्यानेच ती बदलून नवी दिली. आजी मध्येच म्हणाल्या, “दुःखसहनाच्या सप्ताहात आपण गेरहार्टचं गातो ना, त्याची चाल हास्लरच्या १६०१च्या प्रेमगीताची.” मी तो विषय तिथंच थांबवला.

एव्हाना ऑक्टोबर उजाडला. धर्मसुधारणेचा रविवार म्हणजे लूथरनांची दिवाळीच. वेदीवर लाल वस्त्र, गळ्यांत लाल टाय, तळघरात सॉसेज आणि आंबवलेल्या कोबीचं जेवण. पाळकसाहेब म्हणाले, या वेळी यादी तुम्ही करा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकाही ओळीत कुणालाही बोट ठेवायला जागा मिळणार नाही अशी यादी करायची, असं मी ठरवलं. (हो, मी ठरवलं.)

पहिलं गाणं पाउल स्पेराटसचं. १५२४ साली लूथरनांचं पहिलंवहिलं गीतपुस्तक निघालं, आठ गाण्यांचं, त्यातलं हे. विश्वासाने नीतिमान ठरण्याची शिकवण एवढ्या नेटकेपणाने दुसरीकडे सापडणार नाही. स्पेराटसने ते मोरावियात ओल्म्युट्झच्या तुरुंगात असताना रचलं असं सांगतात; तुरुंगात वेळ भरपूर असतो हे त्याच्या मूळ चौदा कडव्यांवरून कळतंच. दुसरं त्याच पुस्तकातलं लूथरचं, दहा कडव्यांचं. त्यात सैतानाच्या कैदेपासून ख्रिस्ताच्या मरणापर्यंत सगळी कथा येते, तेव्हा त्यातलं एकही कडवं गाळणं म्हणजे कथाच मोडणं. प्रभुभोजनाच्या वेळी लूथरने १५२६च्या जर्मन उपासनेसाठी केलेलं यशयाच्या दर्शनाचं गीत. आणि शेवटी अर्थातच ‘आइन फेस्टे बुर्ग’, स्तोत्र ४६वरचं; ते नसेल तर या लोकांना धर्मसुधारणा झाली असं वाटतच नाही.

पाळकसाहेबांनी यादी पाहिली. “लांब आहे,” ते म्हणाले.

“शुद्ध आहे,” मी म्हणालो.

लूथरन पाळकाला लूथर जास्त झाला असं म्हणता येत नाही. त्यांनी सही केली. आजींनी यादीवरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बोटं मोडून घेतली.

स्पेराटसच्या पाचव्या कडव्यापर्यंत सगळं ठीक होतं. सातव्याला लहान मुलं बाकांखाली गेली. लूथरचं सुरू झालं तेव्हा म्हातारी माणसं एकेक करून खाली बसली, मग मध्यमवयीन बसली आणि उभा राहिलेला मी यादीचा जनक म्हणून सगळ्यांच्या नजरेत आलो. पण खरा प्रसंग यशयाच्या गीतावर ओढवला. या गाण्याला कडवीच नाहीत. चाल सुरू झाली की पुन्हा मागे न बघता शेवटपर्यंत पुढे पुढे जाते; एखादी ओळ हुकली तर पुढच्या कडव्यात पकडू, अशी सोयच नाही. ज्याला स्वरलिपी वाचता येते त्याला हे पान बघताच दिसतं. मी शब्द तेवढे वाचले होते. हळूहळू मंडळी गप्प झाली. शेवटी ऑर्गन, पाळकसाहेब आणि मक्यावाले काका असे तिघेच उरले. काकांचा खर्ज इतका भरदार आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मी नुसते ओठ हलवत होतो.

तेवढ्यात तळघरातून सॉसेजचा वास वर आला. लोक घड्याळाकडे बघू लागले. मला घाम फुटला आणि घाम फुटला की मी व्यवहारी होतो. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, “शेवटचं गाणं: फक्त पहिलं कडवं,” आणि दारावरच्या पोराकरवी वर ऑर्गनच्या सज्ज्यात पाठवून दिली. आजींनी आयुष्यात कधी चिठ्ठीबाहेर एक सूर वाजवलेला नाही.

‘आइन फेस्टे बुर्ग’ सुरू झालं आणि सभागृह जागं झालं. मुलं बाकांखालून बाहेर आली, म्हातारे उभे राहिले, दोन तास अडकलेला आवाज एकदम मोकळा सुटला. मला धन्य वाटलं. पहिलं कडवं संपलं, ऑर्गन थांबला. दीडदोनशे लोक दुसऱ्या कडव्यासाठी श्वास घेऊन तोंड उघडं ठेवून उभे.

ज्यांना हे गीत ठाऊक आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. पहिल्या कडव्याच्या अखेरीस तो जुना वैरी येतो. त्याचं बळ, त्याचे डावपेच यांचं वर्णन होतं आणि पृथ्वीवर त्याच्या तोडीचं कुणी नाही असं सांगून कडवं संपतं. त्याला पुरून उरणारा ख्रिस्त येतो तो दुसऱ्या कडव्यात. तिसऱ्यात एका लहानशा शब्दाने सैतान कोसळतो. म्हणजे शुद्ध शिकवणीचा ध्यास घेतलेल्या मी, सबंध वर्षातल्या या एकाच रविवारी, मिसूरीतल्या लूथरन चर्चमध्ये शेवटचा शब्द सैतानाला देऊन लोकांना जेवायला सोडत होतो.

पाळकसाहेबांनी हात वर केला. “बसू नका,” ते म्हणाले. “तो जिंकलेला नाही.” आणि ऑर्गनची वाट न बघता त्यांनी स्वतःच दुसरं कडवं उचललं. उरलेली तिन्ही कडवी वाद्याशिवाय झाली. आजी वर हाताची घडी घालून बसल्या होत्या.

तळघरात माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. काका आले, म्हणाले, “सैतान,” आणि माझ्या ताटात एक सॉसेज जास्तीचं वाढून गेले.

पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी घरी आले. लूथरने १५२३च्या अखेरीस श्पालाटिनला एक पत्र लिहिलं होतं, ते त्यांनी सांगितलं. लोकांसाठी जर्मनमध्ये स्तोत्रं रचायला कवी हवेत, पण दरबारी, नव्या धाटणीचे शब्द नकोत. साध्यातल्या साध्या माणसाला कळेल, त्याच्या तोंडात बसेल असं हवं, असा त्याचा आग्रह. शुद्ध आहे पण कुणाला म्हणता येत नाही, असं गाणं लूथरलाही नको होतं. हे पत्र त्यांनी मला यादीवर सही करण्याआधी का दाखवलं नाही, असं मनात आलं. पण ते माझ्या घरी चहा घेत होते.

मला खरा दिलासा मिळाला तो बाखकडून. १७२८ साली लाइपझिगला गाउडलित्स नावाचा एक उपदेशक म्हणू लागला की उपदेशाच्या आधीची आणि नंतरची गाणी मीच निवडणार. बाखने नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली, की गाणी निवडण्याचा मान परंपरेने कॅन्टरचा, म्हणजे आपला आहे. शिवाय लांबलचक गाणी आली तर उपासना लांबते, असंही त्याने नोंदवलं. धर्ममंडळाने बाजू घेतली उपदेशकाची. गीतनिवडीत बाखचं काही चाललं नाही तर माझं काय चालणार, असं मी बायकोला म्हणालो. “तुमच्यात आणि बाखमध्ये बाकी काही फरक नाहीच,” ती म्हणाली.

समितीतून मला काढतील असं वाटलं होतं. पण लूथरन लोक कृपेवर विश्वास ठेवतात. त्यांनी मला ठेवलं आणि पाळकसाहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तुमच्याकडचं काही? या वेळी मी सावध होतो. आधी जरा प्रस्तावना केली. लूथरन धर्मप्रसारक १७०६ सालीच त्रंकेबारला उतरले हे त्यांना ठाऊक होतं. पण तंजावरचे सरफोजी राजे भोसले, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या घराण्यातले, श्वार्ट्झ नावाच्या लूथरन पाद्रीच्या देखरेखीखाली वाढले आणि त्याच्या मरणानंतर राजांनी शिल्पकार फ्लॅक्समनकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं, हे ठाऊक नव्हतं. श्वार्ट्झच्याच हाताखाली शिकलेले वेदनायगम शास्त्री पुढे तमिळ ख्रिस्ती गीतांचे मोठे कवी झाले. माझ्या आवाजात असा काही अभिमान होता की काकांना वाटलं, सरफोजी माझे मामा असावेत.

मग टिळकांचा एक अभंग काढला. टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, लूथरन नव्हेत. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगणारे. मी अर्थ लावून लिहून दिला आणि तो अभंग त्या टेबलावर, मिसूरीच्या कसोटीला, उताणा पडला. पाळकसाहेबांनी पेन्सिल एका शब्दाशी थांबवली. “माउली? ख्रिस्त आई?” मी मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातली पिलांना पंखाखाली घेणारी कोंबडी पुढे केली. पेन्सिल पुढे सरकली. “आणि इथं सगळं करतं कोण? लेकरू की आई?”

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. मी म्हणालो, आमच्याकडे दक्षिणेत वैष्णवांमध्ये यावर जुना वाद आहे. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून बसतं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून उचलून नेते. आसामचं गाणं माकडाचं. हे मांजराचं.

पाळकसाहेब खुर्चीतून उठलेच. मारबुर्गच्या रुडॉल्फ ओटो या लूथरन पंडिताने भारतातल्या कृपाभक्तीवर लिहिताना हीच जोडी मांडलीय, असं ते म्हणाले आणि येत्या रविवारचा उपदेश त्यावर करणार म्हणाले. केलाही. तेव्हापासून मंडळीतल्या बायका मला मांजरांचा जाणकार समजतात. सुट्टीवर जाताना दोघीजणी आपापली मांजरं आमच्याकडे ठेवून गेल्या. टिळकांवर कुणी काही विचारलं नाही.

अभंग मंजूर झाला. उरली चाल. आजी म्हणाल्या, तुम्ही म्हणून दाखवा, मी लिहून घेते. मी म्हणालो, त्यांनी लिहिलं. खात्री करायला पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा लिहिलं. मग आणखी एकदा. शेवटी सगळे कागद माझ्यापुढे ओळीने मांडून त्यांनी विचारलं, “यांतली चाल कोणती?” मी नगरला चुलतभावाला फोन केला. त्याने गाऊन पाठवलं ते चौथंच निघालं. तेव्हा आजींनी ठरवून टाकलं, की ऑर्गन गप्प राहील आणि मी एकट्याने गावं, अर्पणाच्या वेळी, साडेदहाच्या उपासनेत. पत्रकात माझं नाव छापून आलंय, आदल्या ओळीत मांजराचं चित्र आहे.

मी बायकोला पत्रक दाखवलं. तिने ते नीट वाचलं.

“शिकवण शुद्ध आहे ना?” तिने विचारलं.

“एकदम शुद्ध. सही आहे पाळकसाहेबांची.”

“मग झालं तर,” ती म्हणाली. “मी आठच्या उपासनेला जाते.”